मुलांमधील कोविडोत्तर दाहविकार : बदलती तीव्रता व उपचार
(हुबळी-धारवाड परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञांना एक वेगळाच आजार आढळू लागला. तोपर्यंत निरोगी असलेली मुले कोविडची बाधा झाल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांनी तीव्र ताप, पोटदुखी, उलट्या, लाल डोळे व पुरळ घेऊन रुग्णालयात येत. काहींचा रक्तदाब एकाएकी खालावत असे. अनेक अवयवांना एकाच वेळी सूज आणणारा हा विकार 'एम.आय.एस.-सी.' या नावाने ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये त्याची व्याख्या प्रसिद्ध केली. त्याची तीव्रता व उपचार कसे बदलत गेले आणि त्यातून पालक-शिक्षकांनी काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विकाराचे स्वरूप

या विकारात हानी करते ती मुख्यतः शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती. विषाणूचा जोर ओसरल्यानंतरही ती शांत होत नाही आणि हृदय, रक्तवाहिन्या व आतडी यांवर उलटते. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या कावासाकी रोगाशी त्याचे साम्य आहे. मात्र कावासाकी रोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो, तर एम.आय.एस.-सी. शाळकरी वयात अधिक आढळला.

तीव्रतेतील बदल

२०२० व २०२१ मध्ये अनेक रुग्ण मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन प्रकार आला व त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने घटले. अमेरिकेत २०२३ या संपूर्ण वर्षात केवळ ११७ रुग्णांची नोंद झाली. विषाणूतील बदल, आधीच्या संसर्गाने आलेली प्रतिकारशक्ती व लसीकरण ही याची प्रमुख कारणे मानली जातात. भारतात १५ ते १७ वर्षे वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी व १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले.

उपचारांतील बदल

प्रारंभी कावासाकी रोगाप्रमाणेच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळी केलेली प्रतिपिंडे, शिरेतून देत. मात्रा वजनाच्या दर किलोस दोन ग्रॅम. पंधरा किलोच्या मुलास तीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या लागतात आणि एकेका बाटलीची किंमत हजारो रुपये असते. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास हा खर्च पेलणे कठीणच.

२०२१ मध्ये ३२ देशांतील ६१४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केवळ इम्युनोग्लोब्युलिन, केवळ स्टेरॉइड किंवा दोन्ही मिळून, या तीन उपचारांच्या परिणामांत ठळक फरक असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील अशा मुलांसाठी स्टेरॉइडची शिफारस केली. महागडे औषध सहज मिळत नाही, तेथे स्वस्त औषधास शास्त्रीय आधार लाभला. तथापि स्टेरॉइड घरच्या घरी देण्याचे औषध नव्हे. निदान चुकल्यास ते जंतुसंसर्ग वाढवू शकते.

स्थानिक संदर्भ

हुबळी-धारवाड परिसरात पावसाळ्यात ताप व पुरळ दिसताच डेंग्यूची शंका येते, पोट दुखल्यास अपेंडिक्सची. या शंका रास्तच आहेत. परंतु डेंग्यूच्या धक्क्यात सलाइन जीव वाचवते, तर हृदयास सूज आली असल्यास अधिक सलाइन घातक ठरू शकते. म्हणून रक्ततपासणीबरोबर हृदयाची इको तपासणी आवश्यक ठरते. कलघटगी, कुंदगोळ वा नवलगुंद तालुक्यांतील मुलांना त्यासाठी शहरातील मोठे रुग्णालय गाठावे लागते. तेथे पोहोचण्यास लागलेला विलंबच अनेकदा धोका वाढवतो.

निष्कर्ष

हा विकार आता विरळ झाला आहे. कावासाकी रोग मात्र पूर्वीप्रमाणेच आहे आणि उशीर झाल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांना कायमची इजा करतो. ताप तीन दिवसांहून अधिक टिकला व सोबत लाल डोळे, पुरळ, पोटदुखी किंवा सुस्ती असेल, तर मुलास विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. मागील दोन महिन्यांत घरात कोणास कोविड वा सर्दी-ताप झाला होता काय, हेही आवर्जून सांगावे. शिक्षकांनी ही माहिती पालकसभेत दिल्यास ती घराघरांत पोहोचेल.