शून्य सेकंदांचा वाचक

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी मोबाइलवर चकलीची कृती उघडतं. भाजणी किती, मोहन किती, पाणी गरम की कोमट, सगळं नीट वाचून होतं. स्क्रीन काळी पडू नये म्हणून पिठाच्या बोटानं मधूनमधून टिचकी. वीस मिनिटांनी पीठ मळून झालं की फोन बाजूला. साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये काही वर्षांपूर्वी या भेटीची नोंद सहसा अशी व्हायची: वेळ शून्य सेकंद, शेरा ‘बाउन्स’.

हे शून्य येतं वजाबाकीतून. पान उघडलं की त्यातला छोटासा कोड सर्व्हरला निरोप धाडतो, अमुक पान अमुक वाजता उघडलं. दुसऱ्या पानावर गेलात की दुसरा निरोप. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे पहिल्या पानावर घालवलेला वेळ. दुसरा निरोप गेलाच नाही, तर वजा करायचं कशातून? एकाच निरोपावर आटोपलेल्या भेटींचं शेकडा प्रमाण म्हणजे तेव्हाचा बाउन्स रेट. त्याच्या धास्तीनं एका लेखाचे पाच तुकडे करून ‘पुढे वाचा’ची बटणं लावणारेही निघाले. आकडा सुधारला, वाचक वैतागला.

1 जुलै 2023 पासून गूगलनं जुन्या पद्धतीत नव्या नोंदी घेणं बंद करायला सुरुवात केली आणि ‘जीए फोर’ ही नवी पद्धत रूढ झाली. तिचा नियम उलट्या बाजूनं लिहिलाय. भेट 10 सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा साइटच्या मालकानं महत्त्वाची ठरवलेली एखादी गोष्ट घडली, तर वाचक गुंतला. उरलेले सगळे बाउन्स. म्हणजे साइटवर एक अक्षर न बदलता बाउन्स रेट धाडकन खाली येऊ शकतो!

पहिल्या काही सेकंदांना मात्र खरंच महत्त्व आहे. मायक्रोसॉफ्टचे संशोधक चाओ लिऊ, रायन व्हाइट आणि सुसान डुमे यांनी 2010 मध्ये दोन लाखांहून अधिक वेबपानांवरचा मुक्काम तपासला. त्यासाठी त्यांनी वापरलेलं वायबुल वितरण हे संख्याशास्त्रातलं सूत्र एरवी यंत्रांचे भाग कधी निकामी होतील याचा अंदाज बांधायला वापरतात. सदोष भाग लवकर मोडतो, त्यातून तरलेला बराच काळ चालतो. जवळपास सगळ्या पानांवर वाचक तसेच वागत होते. सुरुवातीला निघून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि जसजसा वेळ जाईल तसतशी ती कमी.

काही जण तर मजकूर दिसायच्या आधीच जातात. पान उघडायला 1 ऐवजी 3 सेकंद लागले, तर बाउन्सची शक्यता 32 टक्क्यांनी वाढते, असं गूगलनं 2017 मध्ये मांडलं. जडशीळ फोटो टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नवा नियमही चुकतोच. दवाखान्याची वेळ पाहून पाच सेकंदांत बाहेर पडलेला माणूस आजही बाउन्समध्येच मोजला जातो, आणि काम तर त्याचंच झालेलं असतं. खरेदीच्या पानावर मात्र बाउन्स रेट वाढला तर काळजी करावी. तेव्हा साइट चालवत असाल तर अहवाल देणाऱ्याकडून सरसकट एक टक्केवारी घेऊ नका, पानागणिक आकडे मागा. आणि जुन्या व नव्या पद्धतीचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडले असतील, तर तो तक्ता परत पाठवा.