खेळाची जमीन – लेखांक ९ : उजव्या खांद्यावरून

आमच्या घरापुढचं खळं कधीच सपाट नव्हतं. पाऊस सरला की दरवर्षी चोपण्यानं ते नव्यानं चोपायचं, शेणानं सारवायचं; पण उतार तेवढा तसाच ठेवायचा. पाणी गडग्याकडे निघून जायला हवं ना! उतार उजवीकडून डावीकडे आणि थोडा पुढून मागे. त्या मागच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या गोट्यांचा गल होता, आणि गलाच्या अलीकडे पाण्यासाठी काढलेला चर. गलावर सरळ नेम धरून गोटी सोडली की ती हमखास चरात जाई. माझा आतेभाऊ, आमचा दादा, मात्र गलाकडे बघतही नसे. तो गोटी उजवीकडे, पार माडाच्या आळ्याच्या कडेला सोडी. ती तिथं मंदावे, वळे आणि उतारानं सावकाश येऊन गलात पडे. “थेट जाऊ नको गं. खळं तुला नेतंय तिकडून जा,” असं तो मला म्हणे.

या खेळीला जगात एक नाव आहे, आणि ते एका लढाईतून आलेलं आहे, हे मला खूप वर्षांनी कळलं. मागच्या आठवड्यात आपण तालमीतल्या हौदाची लाल माती पाहिली. या आठवड्यात गोल्फ. रत्नागिरीच्या वाचकाला हा खेळ परका वाटेल याची मला कल्पना आहे. पण मुंबईत गोल्फ क्लब निघाला तो १८४२ साली, आणि उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला तो हाच खेळ. मला त्यात सगळ्यात जास्त ओढ आहे ती जमिनीची. क्रिकेटचं मैदान कुठंही जा, साधारण एकसारखंच असतं. गोल्फमध्ये जमीनच प्रतिस्पर्धी असते.

दोन शब्द आधी सांगते. ‘होल’ म्हणजे नुसतं ते सव्वाचार इंचांचं भोक नव्हे. चेंडू पहिल्यांदा मारायची जागा, म्हणजे टी, तिथपासून भोक असलेल्या गुळगुळीत हिरवळीपर्यंत, म्हणजे ग्रीनपर्यंतचा सगळा पट्टा म्हणजे एक होल. असे अठरा होल मिळून एक मैदान होतं. वाटेत वाळूचे खड्डे असतात, ते बंकर. आणि चांगल्या खेळाडूनं तो होल किती फटक्यांत संपवावा, तो आकडा म्हणजे पार.

आता ती लढाई. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात रशियनांचा एक भक्कम मोर्चा होता, ग्रेट रेडान. रेडान म्हणजे तटबंदीतून शत्रूच्या अंगावर कोन करून पुढं काढलेला भाग. इंग्रजांनी १८ जून १८५५ ला त्यावर हल्ला केला आणि मार खाल्ला. ८ सप्टेंबरला पुन्हा केला, पुन्हा मागं हटले. शेजारचा मालाकोफ बुरूज फ्रेंचांनी घेतला तेव्हा कुठं रशियनांनी रातोरात रेडान सोडला. त्या युद्धातून परतलेल्या एका अधिकाऱ्यानं स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिक गावच्या मैदानातला एक होल पाहिला आणि त्याला तो मोर्चाच आठवला, असं सांगतात. आज तो त्या मैदानातला पंधरावा होल आहे आणि त्याचं नाव अजूनही रेडानच आहे.

लांबी सुमारे १९० यार्ड, पार तीन. म्हणजे एका फटक्यात ग्रीनवर जायला हवं. ग्रीन तिरकं पडलेलं, पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे. नुसतं तिरकंच नाही, त्याच दिशेनं उतरतंही. डाव्या बाजूला पुढं खोल बंकर. भोकाची खूण असलेला झेंडा बहुतेक वेळा त्या बंकरच्याच मागं. सरळ झेंड्यावर गेलात तर बंकर गिळतो. बंकर चुकवून गेलात तरी उतार तुमच्यापासून दूर पळणारा, त्यामुळे चेंडू थांबत नाही, मागं निघून जातो. मग उपाय एकच: पुढच्या उजव्या खांद्यावर चेंडू टाकायचा आणि जमिनीच्या हवाली करायचा. तो वळतो, बंकरच्या पाठीमागून घसरत येतो आणि झेंड्याशी पोचतो. आमच्या खळ्यातला गल, तिथला चर, माडाचं आळं, सगळं जिथल्या तिथं!

रायगडाच्या महादरवाजाशी गेलेल्यांना याची बहीण लगेच ओळखू येईल. खालून चढताना दरवाजा दिसतच नाही. दिसतात ते दोन प्रचंड बुरूज, आणि वाट त्यांच्यामधून वळून आत जाते. गोमुखी बांधणी म्हणतात ती हीच. सरळ चालून येणाऱ्यावर दोन्ही अंगांनी मारा करता यावा, हत्तीला धावत येऊन दारावर धडक देता येऊ नये, म्हणून दार वळणात लपवलेलं. रेडानचा कोन आणि गोमुखाचं वळण यांमागचा विचार एकच, शत्रूला सरळ येऊ द्यायचं नाही. फरक पडतो तो पुढं. गडाला कुणालाच आत घ्यायचं नसतं. चांगला होल मात्र प्रत्येकाला आत घेतो, ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे. ज्याच्या हातात एवढा लांब फटका नाही, त्यानं उजवीकडे अलीकडेच थांबावं आणि दुसरा हलका फटका उतारावर सोडावा. सत्तरीची आजी आणि विशीतला पैलवान एकाच होलवर खेळू शकतात, आणि दोघांनाही डोकं चालवावं लागतं. माझा सगळ्यांत आवडता होल हाच.

रेडान जगभर पसरला तो चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्ड या अमेरिकन माणसामुळे. १८७२ साली, सोळाव्या वर्षी, तो शिकायला स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला गेला आणि गोल्फच्या प्रेमात पडून परतला. १८९५ मध्ये अमेरिकेची पहिली हौशी अजिंक्यपद स्पर्धा त्यानंच जिंकली. पुढं त्यानं जुन्या जगातले उत्तम होल निवडले, त्यांचे नकाशे आणि मोजमापं आणली आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ‘नॅशनल गोल्फ लिंक्स’ हे मैदान घडवलं. तिथला चौथा होल म्हणजे रेडान, आणि कित्येक जाणकार त्याला मुळाहूनही सरस मानतात. जमिनीची मोजणी करायला त्यानं सेथ रेनर नावाचा इंजिनिअर घेतला होता. रेनर गोल्फ खेळत नसे, पण उतार त्याला कळत. पुढं त्यानं स्वतः कितीतरी मैदानं बांधली. आपल्याकडे कुंभार, सुतार, पाथरवट असे शिकतात, नमुना समोर ठेवून. मॅकडॉनल्ड आणि रेनर यांच्याकडे अशा नमुन्यांची जवळजवळ एक पोथीच होती: रेडान, ईडन, रोड, आल्प्स, केप, पंचबोल, बिआरित्झ आणि आणखी काही.

पंचबोल म्हणजे वाडग्यासारख्या खोलगट जागेतलं ग्रीन. पाण्याचे नळ आणि फवारे नव्हते तेव्हा ओल फक्त खोलगटातच टिकायची, म्हणून गवतही तिथंच हिरवं राहायचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्या सड्यावरच्या अशा खोलगटात जूनपासून तळी साचतात आणि त्यांच्या काठानं रानफुलं येतात. इथं हा नमुना आणून उपयोग नाही. जाता जाता हेही सांगते, की सडा म्हणजे रिकामी जमीन नव्हे. तिथं कातळशिल्पं आहेत, फुलं आहेत, गुरांची चराई आहे. कुणी उद्या सड्यावर गोल्फचं मैदान आखायला निघालं तर मी विरोधात उभी राहीन. हा खेळ जन्मला तोही शेतीला निरुपयोगी अशा समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यात. लिंक्स म्हणतात त्या पट्ट्याला. आपल्या पुळणीचा हा लांबचा भाऊ. तिथं मेंढ्या गवत कातरत आणि वारा खड्डे करी. माणसानं फार काही केलेलंच नव्हतं.

सेंट अँड्र्यूजचा अकरावा होल म्हणजे मूळ ईडन. दिसायला साधा, पार तीन. १९२१ साली बॉबी जोन्ससारखा खेळाडू तिथं हिल नावाच्या बंकरमध्ये अडकला आणि वैतागून त्यानं स्पर्धाच सोडली. सहा वर्षांनी त्याच मैदानावर त्यानं ओपन स्पर्धा जिंकली. सतरावा होल रोड. ग्रीनच्या मागं खराखुरा रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत, आणि चेंडू रस्त्यावर गेला तर रस्त्यावरूनच खेळायचा. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू त्या रस्त्यावर गेला आणि ओपन स्पर्धा बायेस्तेरोस या त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेली. मला हा होल आवडतो, कारण गावाचा रस्ता आणि गावाची भिंत खेळाच्या आत आहे. कुणी त्यांना बाहेर काढलं नाही.

आता एक असा होल, जो पुष्कळांना मुळीच आवडत नाही आणि मला फार आवडतो. आयर्लंडच्या लाहिंच गावातला पाचवा होल, डेल. पुढं वाळूची टेकडी, मागं टेकडी, आणि ग्रीन मधल्या घळीत. टीवरून ते दिसतच नाही. दिसतो तो फक्त पुढच्या टेकडीवर ठेवलेला एक पांढरा दगड. भोक रोज जिकडे सरकेल तिकडे दगड सरकवतात. न दिसणाऱ्या जागी मारायचं म्हणजे नशिबाचा खेळ, असा आक्षेप असतो. मी भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी पहाटे परतणाऱ्या होड्या पाहिल्या आहेत. पाण्याखालची वाळू कुणाला दिसते? तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतो आणि होडी आत घेतो. त्याला कुणी नशिबाचा खेळ म्हणणार नाही. डेलचा पांढरा दगड म्हणजे तशीच एक खूण. तिच्यावर विश्वास टाकायचा, फटका मारायचा, आणि मग टेकडी चढून वर जायचं. पलीकडे चेंडू कुठं पडलाय ते दिसेपर्यंतची ती पन्नास पावलं मला कुठल्याही सोप्या होलपेक्षा मोलाची वाटतात.

नावडता सांगायचा तर बिआरित्झ.

त्याची मूळ गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच मला वाईट वाटतं. फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रकड्यावरच्या बिआरित्झ गावात, स्कॉटलंडहून आलेल्या डन बंधूंनी १८८८ साली मैदान आखलं. नाव ल फार, म्हणजे दीपगृह. तिथं एक होल होता, ज्यात कड्यावरून, खाली लाटा आपटणाऱ्या घळीवरून चेंडू पलीकडे न्यायचा असे. तो होल आज शिल्लक नाही. रत्नदुर्गावर दीपगृहाच्या बाजूला कड्याशी उभं राहून खाली बघा, म्हणजे तो होल कसा असेल ते कुणी सांगायला नको. पायाखाली काळा कातळ, त्यात शिरलेलं पाणी, तोंडावर येणारा वारा. तिथं चेंडू मारायचा म्हणजे छातीत धडधड होणारच.

अमेरिकेत मात्र या नमुन्यातून कडा गळाला, समुद्र गळाला. उरला तो लांबच लांब पार तीनचा होल, दोनशे यार्डांच्या पुढचा, आणि ग्रीनच्या मधोमध आडवा खणलेला तीन ते पाच फूट खोल चर. ज्यांना हा आवडतो ते म्हणतात, चेंडू चरात उतरून दिसेनासा होतो आणि पलीकडून पुन्हा वर येतो, त्यात मजा आहे. ती मजा मी मान्य करते. येल विद्यापीठाच्या मैदानातला नववा होल तर खऱ्या तळ्यावरून जातो. तो भव्यच आहे. पण सपाट शेतात, जिथं पाणी नाही, घळ नाही, तिथंही हाच चर यंत्रानं खणून ठेवलेला असतो, तेव्हा मला तो दरीची आठवण म्हणून काढलेल्या खड्ड्यासारखा वाटतो. त्याहून मोठी तक्रार अशी, की तो एकच गोष्ट मागतो: लांब मार, सरळ मार. वळसा घालून यायला वाट नाही. आजीला तिथं काही करण्यासारखं उरत नाही. रेडानची नक्कल कुठंही जिवंत होते, कारण रेडान म्हणजे उतार, आणि उतार सगळीकडे सापडतो. बिआरित्झ म्हणजे एक विशिष्ट कडा. तो उचलून नेता येत नाही.

पुण्यात मी गोल्फ शिकले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका होलवर मी सलग तीन दिवस झेंड्यावर नेम धरून मारत होते आणि तीन दिवस डाव्या हाताच्या बंकरमध्ये पाय रोवून वाळू उडवत होते. चौथ्या दिवशी बॅग उचलणाऱ्या कॅडीकाकांना राहवलं नाही. मावळातल्या कुठल्याशा गावाहून रोज सायकलनं येणारे, साठीच्या आसपासचे गृहस्थ. त्यांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली, तिच्यापेक्षा एक नंबर लांब जाणारी दिली आणि हात उजवीकडे दाखवला. “मॅडम, झेंड्याकडं बघूच नका. तो उजवीकडचा उंचवटा दिसतोय ना, तिथं टाका. पुढचं ती जमीन बघून घेईल.”

मी उंचवट्यावर टाकला. चेंडू पडला, दोन टप्पे सरळ गेला आणि इतका मंदावला की मला वाटलं, झालं, थांबला. काका म्हणाले, “थांबा जरा.” मग तो डावीकडे वळला.

(पुढील आठवड्यात : खो-खोचं मैदान, मातीवरून मॅटवर)