लांबचा रस्ता, लवकर पोच

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब? पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो साधारण १२,४०० किलोमीटर भरतो. तो युरोपावरून जात नाही, जपानवरूनही नाही. चीन आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरात शिरतो आणि अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. शाळेतल्या भिंतीवरचा नकाशा इथे निव्वळ दिशाभूल करतो.

विमानं मात्र हा दोरा इमानाने धरतातच असं नाही. एअर इंडियाने डिसेंबर २०१५मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये त्याने तोंड फिरवलं आणि ते पूर्वेला, प्रशांत महासागरावरून निघालं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर. वेळ? साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

भागाकार करून पाहा. ताशी साधारण १,०५० किलोमीटर येतात. या मार्गावरच्या बोइंग विमानाचा स्वतःचा वेग ९००च्या आसपास. वरचे दीडशे वाऱ्याचे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या तफावतीतून ते जन्मतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेला वळतात. हिवाळ्यात तफावत वाढते, तसा त्यांचा जोरही. सरकत्या पट्ट्यावरून चालणाऱ्या माणसासारखं विमान त्यांच्यावर स्वार होतं. उलट दिशेने गेलं की तोच पट्टा पाय मागे ओढतो.

शिवाय पूर्वेच्या वाटेवर तारीखरेषा लागते. त्यामुळे साडेचौदा तास बसूनही उतरताना घड्याळ दोनच तास पुढे गेलेलं दिसतं, आणि वार तोच! शरीराला हा हिशोब पटायला आठवडा लागतो, ते वेगळं.

वाऱ्याइतकीच मर्जी सांभाळावी लागते ती देशांची. २०२२पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, एअर इंडियाला नाही. दुसरीकडे एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणारे मार्ग लांबले. तिकिटावर छापलेल्या तासांमागे हे सगळं असतं.

रशियावरून जाण्याची सवलतही फुकटची नाही. जून २०२३मध्ये याच मार्गावरच्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि २१६ प्रवाशांसह ते रशियाच्या अतिपूर्व भागात, मगादानला उतरलं. एकेकाळी स्टालिनच्या छळछावण्यांकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांचं हे बंदर. एवढ्या पाहुण्यांना पुरतील अशी हॉटेलं तिथे कुठली? बऱ्याच जणांची सोय तात्पुरत्या जागी करावी लागली. मग मुंबईहून दुसरं विमान पाठवलं गेलं आणि ६ जूनला दिल्लीहून निघालेले प्रवासी ८ जूनला सॅन फ्रान्सिस्कोत उतरले.