बरोक कालखंडातील चित्र, संगीत व नृत्य : गोवा व दख्खन

बरोक कला : यूरोपात सु. १६०० ते १७५० या कालखंडात विकसित झालेली व वसाहतींच्या द्वारे आशिया, आफ्रिका व अमेरिका या खंडांत पसरलेली कलाशैली. ‘बरोक’ हा शब्द बेढब मोती या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असे सामान्यतः मानले जाते. प्रारंभी तो निंदाव्यंजक होता. पुढे कलेतिहासात तो शैलीवाचक व कालवाचक संज्ञा म्हणून रूढ झाला. भारतात या शैलीचा सर्वांत सलग व प्रत्यक्ष आविष्कार गोव्यात आढळतो.

गती, भावनेचा उत्कर्ष, छायाप्रकाशाचा तीव्र विरोध आणि भव्य दृश्यमानता ही बरोक शैलीची लक्षणे होत. काराव्हाद्जो, रूबेन्स व रेम्ब्रँट यांच्या चित्रांत ती भिन्न रीतींनी व्यक्त झाली. संगीतात मुख्य स्वरावली व तिला आधार देणारा अखंड मंद्र स्वरपट यांची जोड रुळली. मोन्तेव्हेर्दीची ऑर्फेओ (१६०७) ही संगीतिका या युगाच्या आरंभी, तर योहान सेबास्टिअन बाखचा मृत्यू (१७५०) त्याच्या अखेरीस येतो. नृत्याला फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. त्याने १६६१ मध्ये राजकीय नृत्य अकादमी स्थापन केली. साराबांद हे नृत्य स्पेनमध्ये १५८३ मध्ये असभ्य म्हणून निषिद्ध ठरले होते. तेच पुढे संथ व गंभीर रूप घेऊन वाद्यसंगीताच्या नृत्यमालिकांत स्थिरावले.

या कालखंडाचे मर्म वेगवेगळ्या कलांच्या एकत्रीकरणात आहे. वास्तू, चित्र, मूर्ती, स्वर आणि देहगती यांचा एकाच वेळी प्रेक्षकाच्या मनावर परिणाम व्हावा, अशी त्यामागील दृष्टी होती. यूरोपात हे एकत्रीकरण राजदरबार, संगीतिकागृह व चर्च यांत घडले. गोव्यात ते प्रामुख्याने चर्चच्या उत्सवात, म्हणजे फेस्तात, घडले.

गोव्यातील चित्र व शिल्प : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. जुने गोवे येथील बॉम जेझुस बॅसिलिकेचे काम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. सतराव्या शतकाच्या मध्यास इटालियन थिआटिन संघाने बांधलेले संत कायेतान चर्च रोममधील सेंट पीटर चर्चच्या धर्तीवर आहे. सोनेरी मुलामा दिलेल्या, कोरीव लाकडी वेदीपडद्यांनी भिंतीची पूर्ण उंची व्यापणे, हा या वास्तूंतील सर्वांत ठसठशीत विशेष. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये (पुनर्बांधणी १६६१) गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना संताच्या जीवनातील प्रसंग रंगविलेले आहेत. १६०६ मध्ये स्थापन झालेल्या सांता मोनिका या जोगिणींच्या मठातील भित्तिचित्रेही उल्लेखनीय आहेत. गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्या व्यक्तिचित्रांची मालिका दों जुआंव द कास्त्रोच्या कारकीर्दीत १५४७ मध्ये सुरू झाली. तिच्या आखणीत इतिहासकार गास्पार कोर्रेइया याचा हात होता आणि रंगकाम स्थानिक चित्रकाराने केले.

ख्रिस्ती प्रतिमा बिगर-ख्रिस्ती कारागिरांनी घडवू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात पुनःपुन्हा निघाले. ते पुनःपुन्हा काढावे लागले, यावरूनच काम स्थानिक हातांकडे जात होते, हे उघड होते. वेदीपडद्यांवरील वेलबुट्टीत व हस्तिदंती मूर्तींच्या चेहऱ्यांत भारतीय वळण दिसते, याचे कारण हेच. बॉम जेझुसमधील संत फ्रान्सिस झेविअरच्या समाधीत दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. अवशेष ठेवलेली चांदीची पेटी गोव्यातील रुपेरी कारागिरांनी १६३६–३७ मध्ये घडविली, तर तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तयार केला. तोस्कानाचा अधिपती तिसरा कोझिमो याची ही भेट १६९८ मध्ये गोव्यात बसविण्यात आली.

संगीत : चित्र चर्चने करवून घेतले, संगीत मात्र चर्चने शिकविले. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिश चर्चना जोडून शाळा निघाल्या. त्यांत ‘मेस्त्र’ म्हणून ओळखला जाणारा शिक्षक मुलांना धर्मशिक्षणासह स्वरवाचन, गायन आणि वाद्यवादन शिकवी. उत्सवासाठी गावोगावी गायक-वादक तयार असावेत, हा त्यामागील हेतू. त्यामुळे राजधानीत ऐकू येणारे संगीत खेड्यातल्या मुलाच्याही गळ्यात व हातात उतरले. या संगीताची पातळी किती उंच होती, याची साक्ष १६६३ च्या सुमारास गोव्यात असलेल्या एका इटालियन कार्मेलाइट धर्मगुरूने दिली आहे. बॉम जेझुसमधील उत्सवात त्याने सात गायनवृंदांचे गायन ऐकले, त्याला आपण रोममध्येच असल्याचा भास झाला आणि ती रचना विख्यात रोमन संगीतकार कारिस्सिमी याची असल्याचे त्यास सांगण्यात आले. म्हणजे रोममधील समकालीन रचना तिच्या कर्त्याच्या हयातीतच गोव्यात गायली जात होती.

याच काळात मराठी शब्दही चर्चमध्ये शिरले. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ओवीबद्ध असल्यामुळे ते श्रोत्यांसमोर म्हणण्यास सोयीचे होते. परंतु एकशेवीस वर्षांनी नेमकी ओवीच संशयास्पद ठरली. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने लग्नप्रसंगी गायिल्या जाणाऱ्या ओव्यांवर आणि इतर अनेक स्थानिक रीतींवर बंदी घातली. धर्मप्रसारास उपयुक्त ठरलेला छंद बायकांच्या मुखी घरगुती आनंदासाठी आला, तेव्हा तो अपराध ठरला.

नृत्य : तिन्ही कलांत नृत्याची वाट सर्वांत अडचणीची होती. फेस्तातील मिरवणुका व धार्मिक नाट्यप्रयोग यांत नृत्याला स्थान असे. घराअंगणातील नृत्य मात्र जुन्या धर्माचे चिन्ह मानले जाई. सोळाव्या शतकात साष्टी, बारदेश व तिसवाडी येथील देवळे पाडली गेली, तेव्हा मंगेश, शांतादुर्गा इ. दैवते पोर्तुगीज हद्दीबाहेर अंत्रूज महालात (आजचा फोंडा तालुका) हलविण्यात आली. हा प्रदेश १७६३ पर्यंत पोर्तुगिजांच्या पक्क्या ताब्यात गेला नव्हता. त्यामुळे देवळांतील कलावंतांची गायन-नृत्यपरंपरा तेथे टिकली. अठराव्या शतकात पुन्हा उभारलेल्या या देवळांच्या घुमटांत, कमानींत व सज्जांत बरोक वास्तूची छाप उघड दिसते. म्हणजे एकाच आवारात बरोक घुमट आणि भारतीय नृत्य-गायन ही दोन्ही नांदली. चांदोर येथील ख्रिस्ती समाजाचा मुसळ खेळ हाही जुन्या नृत्याचा अवशेष होय. एकोणिसाव्या शतकात साष्टीत बहरलेल्या मांडो या नृत्यगीतात यूरोपीय स्वरसंवाद, कोंकणी शब्द, व्हायोलिन आणि घुमट हे वाद्य एकत्र आले. मातीच्या भांड्याला घोरपडीचे कातडे ताणून घुमट बनवीत. घोरपड संरक्षित प्राणी ठरल्यावर बकऱ्याचे कातडे वापरात आले. हिंदूंच्या आरतीत व ख्रिस्ती लग्नात सारखेच वाजणारे हे वाद्य २०१९ मध्ये गोव्याचे राज्य वारसा वाद्य म्हणून घोषित झाले.

दख्खनचे दरबार : अंत्रूज ज्या विजापूरच्या सत्तेखाली होता, तेथेही याच काळात तिन्ही कलांचे एकत्रीकरण होत होते, मात्र त्याची प्रेरणा वेगळी होती. दुसरा इब्राहिम आदिलशाह (कार. १५८०–१६२७) स्वतः गीतकार होता, त्याच्या किताब-ए-नवरस या ग्रंथातील पदे रागांनुसार मांडलेली आहेत. दख्खनी रागमाला चित्रांत रागाला नायक-नायिकांचे रूप मिळाले. म्हणजे स्वरांना आकार व हावभाव प्राप्त झाले. यूरोपीय मुद्राचित्रे येथील चित्रकारांना परिचित होती आणि कॉर्नेलिस क्लास हेडा हा डच चित्रकार इब्राहिमच्या पदरी होता. अहमदनगरच्या निजामशाहीचीही चित्रपरंपरा होती. तारीफ-इ-हुसेनशाही हे तिचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. परंतु १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले आणि निजामशाहीची राजधानी काही काळ परांडा (जि. धाराशिव) येथील किल्ल्यात आली. किल्ल्याकिल्ल्यांतून फिरणाऱ्या दरबारात कलावंतांना स्थैर्य मिळणे कठीण होते. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली, हत्तीला गिळणाऱ्या हिंस्र पशूच्या मुखाची मलिक-ए-मैदान तोफ परांड्याहून १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. दरबाराच्या आश्रयाने वाढलेली कलाही अशीच सत्तेबरोबर स्थलांतर करी किंवा सत्तेबरोबर संपे. विजापूर १६८६ मध्ये पडल्यावर तेथील चित्रशाळेचा आश्रयच नाहीसा झाला.

ऱ्हास व वारसा : गोव्यातही आश्रय संपला. जेझुइटांची १७५९ मध्ये हकालपट्टी झाली; १८३५ मध्ये सर्व धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठ ओस पडले. सेंट ऑगस्टीन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. तेथील वेद्या व चित्रे उघडी पडली. १९८६ मध्ये जुने गोवे येथील चर्च व मठ जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, तरी दमट हवा व वाळवी यांमुळे उरलेल्या चित्रांचे जतन हे सततचे काम आहे. संगीताचे तसे झाले नाही. संघ गेले तरी गावातला मेस्त्र राहिला आणि त्याच्या शाळेतून शिकलेले वादक विसाव्या शतकात मुंबईच्या वाद्यवृंदांत व चित्रपटसृष्टीत पोहोचले. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा सिंफनी वाद्यवृंद उभारला. सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांना स्वरसंवादाची जोड दिली. भिंतीवरची कला तिच्या भिंतीबरोबर झिजली. मुलांना शिकविलेली कला मात्र तिच्या आश्रयदात्यांनंतरही जिवंत राहिली. गोव्यातील बरोक युगाचा खरा वारसा सोनेरी वेद्यांइतकाच या स्वरपरंपरेत आहे.