ड्रिल मशीन घेताय? वॅट नंतर बघा, आधी भिंत ओळखा

धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या गावात एकाच घरात तीन प्रकारच्या भिंती असू शकतात. जुना भाग काळ्या दगडाचा, मातीत बांधलेला; त्याला लागून विटांची खोली आणि वर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब. गीझर टांगायचा असो, टाकीचे स्टँड पक्के करायचे असो की झोपाळ्याची कडी बसवायची असो, ‘जास्त वॅटचे मशीन घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. मात्र वॅट हा मशीन किती वीज घेते याचा आकडा आहे. भिंतीवर घाव किती जोराचा बसतो, हे त्यावरून कळत नाही.

कोणती भिंत किती कठीण?

भारतीय मानकातील सर्वांत खालच्या श्रेणीच्या भाजक्या विटेची दाब सोसण्याची ताकद ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असते. घराच्या स्लॅबसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम-२० काँक्रीटची ताकद २०, तर दख्खनच्या पठारावरील पक्का काळा दगड बहुतेकदा १०० च्याही पुढे जातो. त्यामुळे विटेत सहज शिरणारे मशीन स्लॅबमध्ये रखडते आणि दगडावर बिटचे टोकच जळून जाते.

मशीनमध्ये फरक काय?

साधे ड्रिल फक्त फिरते. ते लाकूड आणि लोखंडासाठी. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून मिनिटाला हजारो बारीक ठोके देतात. मशीनवर हाताने जोर द्यावा लागतो. विटांची भिंत, पडद्याचे रॉड, फोटो, कपाट यासाठी ते पुरते.

रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोरावर बिटवर घाव बसतो. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका जबर. स्लॅब आणि दगडासाठी हेच मशीन हवे. घेताना वॅटऐवजी ‘ज्यूल’चा आकडा पाहा. घरगुती कामाला साधारण २ ते ३ ज्यूल पुरेसे असतात. याला ‘एसडीएस प्लस’ खाचेचे बिट लागतात. साध्या ड्रिलचे गोल दांड्याचे बिट त्यात थेट बसत नाहीत. लाकूड, लोखंड आणि टाइल्सवर काम करताना हॅमर बंद ठेवून फक्त फिरण्याची सोय वापरावी.

दगड-मातीच्या भिंतीत सावध

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात दगड-मातीच्या घरांनी मोठी जीवितहानी केली. अशा जाड भिंतीला आतून-बाहेरून दगडांचे दोन थर असतात आणि मध्ये माती-दगडांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्याने थर सुटतात.

ड्रिलचा हादरा भूकंपाएवढा नसतो. तरीही भिंत फुगलेली असेल, तडे गेले असतील किंवा दगड हलत असेल, तर तिथे हॅमर चालवू नये. भिंत भक्कम असली तरी भोक दगडाच्या मधोमध पाडावे, मातीच्या सांध्यात नाही. फुगून पकड घेणारा बोल्ट मातीत टिकत नाही. २५ लिटरच्या गीझरमध्ये नुसते पाणीच २५ किलो असते. एवढे वजन जुन्या भिंतीवर टांगण्यापेक्षा जमिनीवरून उभ्या केलेल्या लोखंडी स्टँडवर द्यावे.

स्लॅबमध्ये सळई लागली तर?

बिट सळईत अडकले की मशीन हिसका देते आणि मनगट मुरगळते. म्हणून बाजूचा दांडा आणि बिट अडकताच झटका तोडणारा ‘सेफ्टी क्लच’ असलेलेच मशीन घ्यावे. सळई लागल्यास ती कापण्याऐवजी भोकाची जागा बदलावी. कॉलम आणि बीममध्ये तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक पाडूच नये. बोल्ट बसवण्याआधी भोकातील भुकटी काढून टाकावी, नाहीतर पकड ढिली राहते.

विजेचे काय?

८०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर घेते. लांब, बारीक वायरीवर दाब घटतो आणि मोटार तापते. एक्स्टेन्शनची वायर किमान दीड चौरस मिलिमीटरची असावी आणि ती पूर्ण उलगडून वापरावी. स्विचबोर्ड किंवा प्लगच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळावे. वायरी बहुधा तिथूनच जातात. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर चुकून वायर तुटल्यास जीव वाचू शकतो.

वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीचे मशीन सोयीचे. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ यांत फरक नाही. त्याच पाच सेलच्या बॅटरीचे हे दोन आकडे आहेत. पूर्ण चार्ज असताना २०, सरासरी १८.

विकत घ्यावे की भाड्याने?

वर्षाकाठी चार भोके पाडायची असतील, तर इम्पॅक्ट ड्रिल घरात ठेवून स्लॅबच्या कामापुरता हॅमर भाड्याने आणणे परवडते. घर बांधणे किंवा मोठी दुरुस्ती चालू असेल, तर हॅमर विकत घ्यावा. घेण्यापूर्वी कार्बन ब्रश आणि दुरुस्ती जवळपास कुठे मिळेल, हे दुकानात विचारून घ्यावे. चष्मा आणि एन-९५ मास्कचा खर्चही याच हिशेबात धरावा. दगड-काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. काम करताना ओढणी, उपरणे किंवा सैल बाही मशीनजवळ नको.