प्रोसेसमधील बेंचमार्क-माहितीचे वहन आणि आज्ञावलीची पुनर्रचना

प्रस्तावना :
राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून कालव्यात सोडलेले पाणी आणि शेताच्या बांधावर पोहोचलेले पाणी सारखे नसते. काही हिस्सा वहनातच खर्ची पडतो. संगणकीय मापनातही हा भेद महत्त्वाचा आहे. गणनेचा वेळ व माहितीच्या वहनाचा वेळ वेगळे न ठेवल्यास बेंचमार्कचा निष्कर्ष दिशाभूल करतो. प्रस्तुत लेखात अशा आज्ञावलीच्या पुनर्रचनेचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
प्रत्येक प्रोसेसची स्मृती स्वतंत्र असते. म्हणून एकीचे उत्तर दुसरीकडे पाठवावे लागते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये साकारलेला 'परम ८०००' हा महासंगणक संदेशवहनाच्या याच तत्त्वावर आधारलेला होता. पुण्यातीलच 'एका' महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला. त्याची सैद्धांतिक क्षमता सुमारे १७०.९ टेराफ्लॉप्स, तर लिनपॅक चाचणीतील प्रत्यक्ष वेग ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सुमारे ६९ टक्के होता. अशा तफावतीमागील अनेक कारणांपैकी संदेशवहन हे एक प्रमुख कारण असते.

जुन्या रचनेतील दोष :
बेंचमार्क आज्ञावलीत सामान्यतः मुख्य प्रोसेस दुय्यम प्रोसेस सुरू करते आणि तिचे निकाल पाइपद्वारे स्वीकारते. निकाल केवळ स्वल्पविरामांनी तोडलेली ओळ असल्यास एक नवा रकाना वाढताच पुढील सर्व आकडे सरकतात. एकीकडे सेकंद व दुसरीकडे मिलिसेकंद गृहीत धरल्यास हजारपटीची चूक होते. तरीही आज्ञावली बिनतक्रार चालते. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. लिनक्समध्ये पाइपची क्षमता सर्वसाधारणपणे ६५,५३६ बाइट्स असते. मुख्य प्रोसेस निकाल न वाचता दुय्यम प्रोसेस संपण्याची वाट पाहत राहिली, तर पाइप भरताच दोन्ही प्रोसेस परस्परांसाठी कायमच्या अडकतात. थोड्या माहितीवर हा दोष दिसतच नाही.

पुनर्रचनेचे टप्पे :
बाह्य वर्तन न बदलता अंतर्गत रचना सुधारणे म्हणजे पुनर्रचना. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील ग्रंथाने ही संकल्पना रूढ केली. तिचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.
१) बदलापूर्वी जुन्या आज्ञावलीचे निकाल तुलनेसाठी जतन करावेत.
२) निकालाला नाव, मूल्य, एकक व आवृत्ती असलेली एकच निश्चित रचना द्यावी.
३) माहितीचे रूपांतर करणारे व ते उलगडणारे संकेत एकाच ठिकाणी ठेवावेत.
४) पाइपमध्ये संदेशांच्या सीमा नसतात; म्हणून प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी पाठवावी आणि तेवढे बाइट्स मिळेपर्यंत वाचत राहावे.
५) घड्याळाची दुसरी नोंद गणना संपताच, माहिती पाठविण्यापूर्वी घ्यावी.
६) अपयश शून्य म्हणून न नोंदवता स्वतंत्रपणे कळवावे.
प्रत्येक टप्प्यानंतर जुनी व नवी आवृत्ती एकाच यंत्रावर आलटून-पालटून चालवून मध्यकांची तुलना करावी. वेळेच्या नोंदीची जागा बदलल्यास आकडेही बदलतात. त्यामुळे पाचवा व सहावा टप्पा ही काटेकोर अर्थाने पुनर्रचना नसून मापनातील दुरुस्ती आहे. तिची नोंद वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

समारोप :
महाविद्यालयीन प्रबंधांत व संगणक-खरेदीच्या निर्णयांत बेंचमार्कचे आकडे आधारभूत मानले जातात. आकडा चुकीच्या मार्गाने आला असेल, तर त्यावरील सांख्यिकी विश्लेषण कितीही काटेकोर असले तरी निष्कर्ष पोकळच राहतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना आकड्यांसोबत ते ज्या वाटेने आले ती वाटही तपासली जाणे अगत्याचे आहे.