अमेरिकेतला पहिला माणूस कधीचा?

‘अमेरिकेत माणूस १३ हजार वर्षांपूर्वी पोहोचला,’ हे अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते. त्याचे मूळ न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावाजवळ आहे. १९३०च्या दशकात तिथे मॅमथच्या हाडांसोबत दगडी भाल्यांची टोके सापडली. पुढे त्यांनाच पहिल्या माणसांची खूण मानले गेले आणि त्याहून जुना पुरावा मांडणाऱ्याला अनेक वर्षे कोणी दाद दिली नाही.

वस्तुस्थिती त्याच राज्यातल्या व्हाइट सँड्समध्ये आहे. आटलेल्या तळ्याच्या काठच्या मातीत माणसांच्या पावलांचे ठसे आहेत, त्यांत बरेचसे मुलांचे. ठशांच्या वरच्या आणि खालच्या थरांत सापडलेल्या पाणवनस्पतीच्या बियांवरून २०२१मध्ये त्यांचे वय २१ ते २३ हजार वर्षे ठरले. त्यावर आक्षेप आला, आणि तो रास्त होता: अशी वनस्पती पाण्यात विरघळलेला जुना कार्बन शोषते, त्यामुळे बी खऱ्या वयापेक्षा जुने भासू शकते. म्हणून संशोधकांनी हवेतला कार्बन घेणाऱ्या सूचिपर्णी झाडांचे परागकण तपासले आणि क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले तेही मोजले. २०२३मध्ये या दोन्हींनी पहिल्याच निष्कर्षाला दुजोरा दिला. माझ्या मते ही फेरतपासणी मूळ शोधाइतकीच मोलाची आहे.

दुसरा समज वाटेबद्दलचा. त्या काळी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, त्यामुळे सायबेरियातून अलास्कात चालत येता येई, हे खरे. पण अलास्कातून दक्षिणेकडे नेणारी, दोन हिमस्तरांमधली वाट साधारण १४ हजार वर्षांपूर्वी पुन्हा खुली झाली. व्हाइट सँड्सची माणसे ती खुली झाल्यावर आलेली नाहीत. बर्फाने वाट बंद होण्याआधी ती आली असतील, किंवा पॅसिफिकच्या किनाऱ्याने.

इथेच काहीजण उडी मारतात: माणूस इतका जुना, तर एखादी बुडालेली प्रगत संस्कृतीही असणार! याला कसलाही आधार नाही. हे ठसे अनवाणी पायांचे आहेत. त्या थरांत ना शेती, ना घरे. मेक्सिकोत भोपळ्याची लागवड सुमारे १० हजार वर्षांपूर्वीची, तर पेरूमधले काराल नगर सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीचे. ‘हजारो वर्षे जुने’ अशी बातमी वाचाल तेव्हा आधी पाहा, वय कशाचे मोजले आहे: माणसाचे, शेतीचे की नगराचे?